आधी बँक, मग सोनं

रायोलाइट या अमेरिकेतल्या ओसाड खाणगावात शिरल्यावर सगळ्यात आधी नजरेत भरते ती बँक. जॉन एस. कुक यांच्या बँकेची ही तीन मजली इमारत १९०८ मध्ये उभी राहिली आणि तिला ९० हजार डॉलर खर्च आला. जिन्यांना इटलीचा संगमरवर होता, खिडक्यांना रंगीत काचा होत्या, तळघरात पोस्ट होतं. आज तिला छप्पर नाही, मजलेही नाहीत. दर्शनी भिंत आणि बाजूंच्या भिंतींचे काही भाग तेवढे उभे आहेत, आणि रिकाम्या खिडक्यांतून पलीकडचं नेवाडाचं वाळवंट आरपार दिसतं.

लास व्हेगासहून पहाटे निघालेली व्हॅन सुमारे १९० किलोमीटर कापून, बीटी नावाचं छोटं गाव ओलांडून इथे पोहोचते. लोक उतरतात, पाय मोकळे करतात, बँकेसमोर फोटो काढतात. मग कोणीतरी विचारतंच, "इथे भुताटकी आहे का हो?" ओसाड खाणगावांना अमेरिकेत ‘घोस्ट टाउन’ म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न अपेक्षितच असतो. गाडी चालवणाऱ्या आणि गावं दाखवणाऱ्या मराठी गाईडबाई त्यावर हसत नाहीत आणि भुताची गोष्टही रचून सांगत नाहीत. "ही इमारत पुरी झाली ते साल लक्षात ठेवा," एवढंच म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

साल का लक्षात ठेवायचं, ते समजायला चार वर्षं मागे जावं लागतं. ९ ऑगस्ट १९०४ रोजी शॉर्टी हॅरिस आणि अर्नेस्ट क्रॉस हे दोघे गाढवांवर सामान लादून सोनं शोधत या टेकड्यांत फिरत होते. त्यांना हिरवट झाक असलेला, सोन्याने भरलेला गारगोटीचा दगड सापडला. बेडकासारख्या रंगामुळे त्यांनी आपल्या खाणीच्या दाव्याला ‘बुलफ्रॉग’ नाव दिलं. बातमी वणव्यासारखी पसरली. १९०५ च्या सुरुवातीला इथे तंबू ठोकले गेले, आणि दोन-अडीच वर्षांत त्या तंबूंच्या जागी वीज, नळाचं पाणी, टेलिफोन, इस्पितळ, बर्फाचा कारखाना, ऑपेरा आणि पन्नासेक दारूची दुकानं असलेलं शहर वसलं. भरभराटीच्या काळातल्या लोकसंख्येचे अंदाज साडेतीन हजारांपासून पाच हजारांपर्यंत जातात. पोलाद उद्योगातले बडे भांडवलदार चार्ल्स श्वाब यांनी १९०६ मध्ये इथली मुख्य खाण, माँटगोमेरी शोशोनी, विकत घेतली. त्यांनी पाणी आणलं, आणि सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या जलविद्युत केंद्रापासून दीडशेहून अधिक किलोमीटर विजेच्या तारा ओढल्या.

बाईंना सांगायचं असतं ते याच्या पुढचं. पहिली रेल्वे आली डिसेंबर १९०६ मध्ये. शेअर बाजार उघडला मार्च १९०७ मध्ये. दिवसाला ३०० टन खनिज दळू शकेल अशी मुख्य खाणीची गिरणी बांधली गेली तीसुद्धा १९०७ मध्येच. म्हणजे दगडातून सोनं मोठ्या प्रमाणावर निघू लागण्याच्या आधीच या गावात रेल्वेची तिकिटं आणि खाणींचे शेअर विकले जात होते. १९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधल्या बँकांवर संकट कोसळलं आणि देशभर पैशाचा ओघ आटला. १९०८ मध्ये धास्तावलेल्या भागधारकांनी खाणीची स्वतंत्र तपासणी करून घेतली. अहवाल वाईट निघाला, शेअर गडगडले. बँकेची इमारत पूर्ण झाली ती याच १९०८ मध्ये.

एकदा गटात स्टेट बँकेतून निवृत्त झालेले पुण्याचे एक गृहस्थ होते, मुलाकडे कॅलिफोर्नियात आलेले. सगळं ऐकून ते भिंतीपाशी बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "ताई, मग या बँकेने लोकांना कर्जं दिली ती कशाच्या तारणावर?"

"इथे सगळंच शेअरच्या भावावर चाललं होतं, काका. दगडात सोनं किती आहे त्यापेक्षा ते किती आहे असं लोकांना वाटतं, त्यावर."

"आणि ठेवीदार?"

त्या प्रश्नावर दोघं बराच वेळ बोलत राहिले. बाकीचे तोवर पुढच्या भिंतीकडे गेले होते. बाई म्हणतात, असा एक जरी माणूस गटात असला तरी दिवसभराचं गाडी चालवणं सार्थकी लागतं.

त्या स्वतः चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढल्या. वडील जमिनीखालच्या खाणीत टिंबर मिस्त्री होते. कोळसा काढून पोकळ झालेल्या जागेला लाकडी टेकू देऊन छत धरून ठेवणं हे त्यांचं काम. वसाहतीतल्या मुलांना भोंग्यावरून पाळी कळायची आणि घरी येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून दिवस कसा गेला ते कळायचं. खाण कधीतरी संपते, ही गोष्टही त्या घरांत कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. कुठल्या खाणीत किती वर्षांचा कोळसा उरलाय, याची चर्चा जेवणाच्या ताटावर व्हायची. लग्नानंतर त्या अमेरिकेत आल्या, बरीच वर्षं एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम केलं, आणि मग पर्यटकांच्या गाड्या चालवण्याचा परवाना काढला. सहकारी ग्रँड कॅन्यनची फेरी मागून घेत. यांनी खाणगावांची मागितली.

त्यामुळे त्यांच्या फेरीत खाणीच्या तोंडाशी जो थांबा असतो, तो इतर गाईडांपेक्षा वेगळा असतो. आत कोणालाही पाऊल टाकू देत नाहीत. नेवाडात सोडून दिलेल्या खाणींची सुमारे दोन लाख विवरं, खड्डे आणि बोगदे असावेत आणि त्यांतले पन्नासेक हजार माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, असा राज्याच्या खनिज विभागाचा अंदाज आहे. उभ्या खोल शाफ्टच्या कडा ठिसूळ झालेल्या असतात. आतल्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो, आणि तो कमी झाल्याचं माणसाला कळतच नाही, तो सरळ कोसळतो. बऱ्याच बोगद्यांच्या तोंडाशी आता लोखंडी गज बसवले आहेत. गजांमधली आडवी फट वटवाघळांना आत-बाहेर करता येईल एवढी ठेवलेली असते.

गजांपासून हातभर अंतरावर उभं राहून बाई आतल्या पहिल्या लाकडी चौकटीवर विजेरीचा झोत टाकतात. दोन उभे खांब, वर आडवी तुळई, तुळई आणि दगड यांच्या फटीत ठोकलेल्या पाचरी. शंभराहून जास्त वर्षं झालेलं, कोरड्या हवेत वाळून राखाडी पडलेलं लाकूड. "पाचर बघा," त्या सांगतात. "खांब कोणीही उभा करतो. पाचर किती ठोकायची, ते मिस्त्रीला कळतं. सैल राहिली तर छताचा भार खांबावर येत नाही, जास्त ठोकली तर खांब फुटतो." वडील काठीने छत ठोकून पाहायचे. घट्ट दगडाचा आवाज खणखणीत येतो, सुटत चाललेल्या दगडाचा बद्द येतो. "छत सांगूनच पडते, ऐकणारा पाहिजे," असं ते वऱ्हाडी हेल काढून म्हणायचे. ही वाक्यं बाई मराठी गटाला मराठीत ऐकवतात आणि इतरांना इंग्रजीत. दोन्हीकडे लोक त्या पाचरीकडे पुन्हा वाकून बघतात. हे काम ज्याने केलं त्याचं नाव बँकेच्या किंवा शेअर बाजाराच्या कुठल्याच फलकावर नाही. त्याची पाचर मात्र अजून जागेवर आहे.

धुळीबद्दलही त्या बोलतात, आणि इथे त्यांचा आवाज चढतो. त्या काळात दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं आली होती. कोरड्या गारगोटीत ती चालू लागली की बारीक सिलिकाची धूळ कामगाराच्या छातीत जाई आणि फुप्फुसं कायमची निकामी होत. कामगारांनी त्या यंत्राला ‘बायकांना विधवा करणारं’ असंच नाव पाडलं होतं. ड्रिलच्या टोकातून पाणी सोडून धूळ बसवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच निघाली होती, पण कोरडी यंत्रं त्यानंतरही बरीच वर्षं चालली. "पाणी महाग होतं म्हणतात. माणूस स्वस्त होता, हे का नाही म्हणत?" हा प्रश्न त्या गटाला विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

रायोलाइटच्या गल्ल्यांत आता पाहण्याजोगी आहे ती म्हणजे जमीन. नीट पाहिलं तर तिच्यावर गंजलेले डबे आणि काचांचे तुकडे पसरलेले दिसतात. बाई गुडघ्यावर बसून, हात न लावता, एक डबा दाखवतात. झाकणाच्या मधोमध डाखाचा एक टिपका आहे. अन्न भरून, डबा गरम करून, शेवटचं बारीक भोक त्या टिपक्याने बंद करत. असे डबे विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर हळूहळू मागे पडले, म्हणून पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते काळ ओळखायला उपयोगी पडतात. शेजारीच फिक्या जांभळ्या काचेचा तुकडा असतो. ही काच मुळात बिनरंगी होती. वाळूतल्या लोहामुळे येणारी हिरवी छटा घालवायला त्या काळी काचेत मँगनीज टाकत, आणि वर्षानुवर्षं उन्हातली अतिनील किरणं पडत राहिली की मँगनीज काच जांभळी करतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजचा पुरवठा अडला, कारखाने दुसरी द्रव्यं वापरू लागले, आणि उन्हात जांभळी होणारी काच जवळजवळ थांबली.

गटातल्या एका लहान मुलीने असा तुकडा उचलून आजीच्या हातात दिला होता. आजींनी तो पदराच्या टोकात बांधायला घेतला. बाई जवळ गेल्या. "आजी, ठेवा तो होता तिथेच. सगळ्यांनी एकेक नेला तर पुढच्या नातीला बघायला काय राहील?" आजींनी मुलीलाच तो परत ठेवायला लावला, आणि कुठून उचलला होता ती जागा दोघींनी मिळून शोधली. सरकारी जमिनीवरून अशा जुन्या वस्तू उचलणं कायद्यानेही मना आहे. पण बाई कायदा शेवटी सांगतात. त्यांच्या मते डबा कुठे पडला आहे यावरून तिथे स्वयंपाकघर होतं की गुत्ता, ते ओळखता येतं. जागा हलली की डबा मुका होतो.

बाटल्यांचं घर मात्र सगळ्यांनाच आवडतं. टॉम केली नावाच्या वयस्कर गवंड्याने ते १९०६ मध्ये बांधलं. वाळवंटात लाकूड दुर्मीळ होतं आणि दारूच्या दुकानांमुळे रिकाम्या बाटल्यांना तोटा नव्हता. सुमारे ५० हजार बाटल्या त्याने मातीच्या गाऱ्यात आडव्या रचल्या, बुडं बाहेरच्या बाजूला. १९२५ मध्ये पॅरामाउंट कंपनीने एका चित्रपटासाठी घराची डागडुजी केली, नाहीतर आज ते दिसलंच नसतं. मुलं बाटल्या मोजायला लागतात. मोठी माणसं बाहेरून भिंतीला हात लावून बघण्याचा मोह आवरत उभी असतात.

शाळेकडे मात्र फार कोणी जात नाही. दोन मजली काँक्रीटची शाळा १९०९ मध्ये पुरी झाली, आणि तोवर गाव रिकामं व्हायला लागलं होतं. वर्ग कधी पूर्ण भरलेच नाहीत. १९१० च्या जनगणनेत गावात ६७५ माणसं उरली. १९११ मध्ये मुख्य खाण बंद झाली, १९१४ मध्ये शेवटची गाडी गेली, १९१६ मध्ये वीज कंपनीने तारा काढून नेल्या. घरंही मोडून बीटीला आणि आसपास नेण्यात आली. खाणकामगार संघटनेचं सभागृह तर उचलून बीटीत नेऊन बसवलं. यंत्रं आणि लाकूड काढून नेलं, बँकेच्या भिंती मात्र कोणाच्या कामाच्या नव्हत्या, म्हणून त्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशीचा मुक्काम उत्तरेकडच्या गोल्डफिल्डला असतो. १९०२ मध्ये सोनं सापडलेलं हे गाव काही वर्षांत वीस हजारांच्या आसपास गेलं होतं, आणि १९२३ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला. १९०८ साली उघडलेलं भव्य हॉटेल तिथे अजून उभं आहे, कोर्ट तर अजून चालू आहे. रायोलाइटसारखं हे पूर्ण ओसाड झालं नाही, काही शे माणसं राहतात. इथे बाई मुद्दाम हॉटेलसमोर न थांबता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहतात आणि १९०७ ची गोष्ट सांगतात. न्यूयॉर्कच्या संकटानंतर खाणमालकांनी मजुरी रोख न देता कागदी वचनचिठ्ठ्यांत द्यायला सुरुवात केली. कामगार संपावर गेले. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सैन्य पाठवलं. पुढे राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या चौकशी समितीने सैन्य बोलावण्यासारखी परिस्थितीच नव्हती असा अहवाल दिला. बाईंच्या वडिलांच्या वसाहतीत संप झाले होते. त्यामुळे चिठ्ठीवर पगार म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. वाण्याच्या दुकानात ती चिठ्ठी किती कमी भावाने घेतली जाईल, हा पहिला विचार कामगाराच्या बायकोच्या मनात येतो, हे त्या अगदी ठामपणे सांगतात.

एवढं झाल्यावर कोणीतरी हमखास विचारतं, मग इथे सोनं नव्हतंच का? याचं उत्तर ऐकून लोक गप्प होतात. सोनं होतं. १९८९ पासून १९९९ पर्यंत रायोलाइटच्या शेजारच्या टेकड्यांत आधुनिक खाणीतून वीस लाखांहून अधिक औंस सोनं काढलं गेलं. त्या खाणीचे कोरीव पायऱ्यांसारखे कडे गावातूनच दिसतात. १९०७ मध्ये माणसं गारगोटीच्या जाड शिरा शोधत होती. बरंचसं सोनं मात्र खडकात इतक्या बारीक कणांनी पसरलेलं होतं की डोंगरच्या डोंगर फोडून, दळून, सायनाइडच्या पाण्यात धुतल्याशिवाय हाती लागणारच नव्हतं. त्याला लागणारी यंत्रं आणि भांडवल ८० वर्षांनी आलं. ते आलं तेव्हा शहर वसवायची गरज उरली नव्हती. कामगार बीटीहून आणि लांबून गाड्यांनी यायचे आणि परत जायचे.

परतीची वाट डेथ व्हॅलीतून जाते. तिथल्या हार्मनी बोरॅक्स (टाकणखार) कारखान्याच्या मातीच्या भिंतींपाशी गाडी थोडा वेळच थांबते, कारण उन्हाळ्यात त्या दरीत दुपारी उभं राहणं धोक्याचं असतं. १९१३ मध्ये इथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. या ठिकाणची जाहिरात वीस खेचरांच्या गाड्यांची झाली. २६५ किलोमीटर दूर मोहावीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत त्या बोरॅक्स ओढून नेत. खारट मैदानावर वाकून तो खरवडणारे चिनी मजूर होते, दिवसाला १ डॉलर ३० सेंट मजुरीवर. खेचरांचं चित्र बोरॅक्सच्या डब्यावर छापलं गेलं.

आणि या सगळ्याच्या आधीपासून इथे तिंबिशा शोशोनी लोक राहत होते. सोन्याच्या, शिशाच्या, बोरॅक्सच्या प्रत्येक लाटेने त्यांचे झरे आणि मेस्किटची झाडं घेतली. २००० साली अमेरिकी संसदेने कायदा करून त्यांना त्यांच्या मूळ भूमीतला काही भाग परत दिला, आणि त्यांची वस्ती आजही डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला आहे. गाईडबाई त्यांच्या वस्तीत गट नेत नाहीत. कुणाच्या घरासमोर व्हॅन उभी करून माणसं दाखवणं त्यांना पटत नाही. पण ‘ओसाड जमीन’ हा शब्द कुणी वापरला की त्या थांबवतात आणि ही गोष्ट सांगतात.

अलीकडे बीटीत चहाच्या थांब्यावर वेगळीच चर्चा ऐकू येते. आसपासच्या टेकड्यांत पुन्हा सोन्याचा शोध सुरू झाला आहे आणि मोठ्या खाण कंपन्यांनी इथे मोठे साठे जाहीर केले आहेत. गाव हजाराच्या आतलं. काहींना मुलांसाठी नोकऱ्या हव्या आहेत. काहींना अमार्गोसा नदीच्या भूजलाची चिंता आहे, कारण उथळ झऱ्यांवरच गाव उभं आहे आणि त्याच झऱ्यांवर जगणारा एक बेडूक या खोऱ्याशिवाय जगात कुठेच नाही. दोन्ही बाजूंची माणसं एकाच टेबलावर बसलेली असतात. बाई त्यांच्याशी बोलून घेतात. येत्या हंगामापासून त्या बीटीत अर्धा तास जास्त ठेवणार आहेत. रायोलाइट बघून आल्यावर नव्हे, जायच्या आधी. कंपनीने जाहीर केलेले आकडे, गावकऱ्यांचे प्रश्न आणि पाणी कुठून येणार, हे आधी ऐकून मग लोकांनी बँकेच्या भिंतीसमोर उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं आहे. सहल कंपनीच्या व्यवस्थापकाला वेळापत्रक बदलायला त्यांनी कळवलं आहे.